बालगंधर्व

नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (२६ जून १८८८ – १५ जुलै १९६७) हे मराठी संगीत रंगभूमीवरील श्रेष्ठ गायक-नट होते. शकुंतला, भामिनी, रुक्मिणी आणि सिंधू या त्यांच्या स्त्रीभूमिका विशेष गाजल्या. त्यांच्या गायकीची चर्चा नेहमीच होते. परंतु पुरुषाच्या देहातून स्त्री उभी करण्याच्या या कलेत रंगभूषेचा आणि वेशभूषेचा वाटाही लहान नव्हता.

पूर्वायुष्य

सांगली जिल्ह्यातील नागठाणे हे त्यांचे गाव. लहानपणी त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना बालगंधर्व म्हटले आणि तेच नाव पुढे रूढ झाले. कानाच्या विकारावर उपचार व्हावेत म्हणून कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्यांना मिरजेला पाठवले. १९०५ मध्ये ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले आणि 'शाकुंतल'मधील शकुंतलेच्या भूमिकेने त्यांची कारकीर्द सुरू झाली. गायनाची तालीम त्यांना भास्करबुवा बखले यांच्याकडून मिळाली.

'मानापमान' आणि गंधर्व नाटक मंडळी

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या 'मानापमान' नाटकाचा पहिला प्रयोग १२ मार्च १९११ रोजी मुंबईत झाला. त्याच दिवशी बालगंधर्वांच्या लहानग्या मुलीचे निधन झाले. प्रयोग रद्द न करता ते रंगपटात गेले, चेहऱ्याला रंग लावून घेतला आणि भामिनी म्हणून उभे राहिले. ही घटना पुढे त्यांच्या कर्तव्यनिष्ठेचे उदाहरण म्हणून वारंवार सांगितली गेली; त्या रंगाखालच्या बापाचा विचार मात्र तितका झाला नाही. या नाटकात श्रीमंत भामिनी गरीब वनमालेचे सोंग घेते. म्हणजे पुरुषाने स्त्री व्हायचे आणि त्या स्त्रीने पुन्हा दुसरी स्त्री व्हायचे, असे दुहेरी रूपांतर त्यांना साधावे लागे.

१९१३ मध्ये गणेशराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली. 'स्वयंवर' (१९१६) व 'एकच प्याला' (१९१९) ही तिची गाजलेली नाटके. 'स्वयंवर'मधील ऐश्वर्यसंपन्न रुक्मिणी साकारणाऱ्या या नटाने राम गणेश गडकरी यांच्या 'एकच प्याला'तील सिंधू ठिगळांच्या लुगड्यात उभी केली. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या संयुक्त 'मानापमाना'त केशवराव भोसले धैर्यधर, तर बालगंधर्व भामिनी होते.

रंगभूषा

त्या काळच्या रंगपटात आजच्यासारखी तयार प्रसाधने सहजी मिळत नसत. सफेदा, पिवडी आणि हिंगूळ हे रंग खलून भूमिकेच्या वर्णाशी जुळणारी छटा करावी लागे. दाढी-मिशा गुळगुळीत काढल्या, तरी त्यांची हिरवट छटा त्वचेखालून डोकावते. ती झाकेल इतका रंगाचा थर दाट हवा आणि गाताना जबडा, ओठ, गाल हलले तरी भेगा पडू नयेत इतका तो लवचीकही हवा. दाट थर तडकतो, पातळ थर झाकत नाही. स्त्रीभूमिका करणाऱ्या गायक-नटाची खरी अडचण ती हीच. त्यात नाटके रात्र रात्र चालत, वन्समोअर पडत, दिव्यांच्या उष्णतेने घाम फुटे. रंग मानेवर व हातांवरही त्याच छटेचा उतरवावा लागे. नाहीतर चेहरा मुखवट्यासारखा वेगळा दिसे.

रंग टिकणे हे त्याच्याखालच्या लेपावर अवलंबून असते. तेलकट त्वचेवर पाण्यात कालवलेला रंग धरत नाही, तो गोळा होतो. तेलातला रंग धरतो, पण वर कोरडी पूड लावल्याशिवाय बसत नाही. आज प्रायमर आणि फाउंडेशन एकाच जातीचे असावेत, पाण्याचे पाण्याशी आणि सिलिकॉनचे सिलिकॉनशी जुळवावे, असे सांगितले जाते, त्यामागील कारण हेच आहे. जुने रंग निर्धोक नव्हते. हिंगूळ हे पाऱ्याचे संयुग आहे आणि सफेद्याच्या काही प्रकारांत शिसे असे. युरोपात लुडविग लाइकनर या ऑपेरा गायकाने १८७३ मध्ये शिसेविरहित रंगकांड्यांचा कारखाना काढला. हा शोध एका गायक-नटाला लागावा, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

बालगंधर्वांनी प्रसाधनाबाबत खर्चाचा हात कधी आखडता घेतला नाही. भरजरी शालू आणि उंची अत्तरे हा त्यांच्या प्रयोगांचा भाग होता. अत्तराचा दरवळ प्रेक्षागृहात पोहोचे. त्यांची साडी नेसण्याची आणि केसांत फुले माळण्याची रीत प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांनी उचलली. या हौसेची किंमतही होती. १९२१ मध्ये मंडळी मोठ्या कर्जात सापडली आणि ते फेडण्यात पुढची सात-एक वर्षे गेली.

चित्रपट आणि उत्तरायुष्य

प्रभातच्या 'धर्मात्मा' (१९३५) या व्ही. शांताराम दिग्दर्शित चित्रपटात त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली. त्यानंतरच्या 'साध्वी मीराबाई' (१९३७) मध्ये ते पुन्हा स्त्रीवेषात दिसले. रंगमंचावर दुरून पाहिला जाणारा चेहरा कॅमेरा हातभर अंतरावर आणतो. थराच्या कडा आणि वयाच्या खुणा तेथे लपत नाहीत. पन्नाशीला आलेल्या नटाला चित्रपटाचे माध्यम मानवले नाही, यात नवल नाही.

पुढे गोहर कर्नाटकी यांनी मंडळीतील स्त्रीभूमिका स्वीकारल्या आणि बालगंधर्व पुरुषभूमिकांकडे वळले. तरीही साठी उलटल्यावर ते अधूनमधून सिंधूसाठी रंग लावत राहिले. चेहरा थकला होता, आवाज पूर्वीचा नव्हता. जुने प्रेक्षक मात्र येत राहिले. पुढे पाय अधू झाल्याने रंगमंच सुटला. त्यांना १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमी पुरस्कार आणि १९६४ मध्ये पद्मभूषण मिळाले. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. पुण्यातील बालगंधर्व रंगमंदिराचे उद्घाटन २६ जून १९६८ रोजी झाले.

त्यांच्या जीवनावरील 'बालगंधर्व' (२०११) या रवी जाधव दिग्दर्शित चित्रपटात सुबोध भावे यांनी त्यांची भूमिका केली. त्यातील रंगभूषेसाठी विक्रम गायकवाड यांना राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार मिळाला.