भुलीचं औषध नव्हतं तेव्हाचे डॉक्टर : जेम्स एस्डेल

ऑपरेशन म्हटलं की आज घरचे पहिलं विचारतात, भूल कसली देणार? १८४५ साली हा प्रश्नच नव्हता. चार माणसांनी पेशंटला दाबून धरायचं आणि डॉक्टरने कापायचं. त्याच वर्षी बंगालमधल्या हुगळीत एक स्कॉटिश डॉक्टर पेशंटला औषधाशिवाय झोपवून ऑपरेशन करू लागले. त्यांचं नाव जेम्स एस्डेल.

जन्म १८०८ चा, स्कॉटलंडमधल्या मॉन्ट्रोजचा. एडिंबराला डॉक्टर होऊन ते ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत आले. मेस्मेरिझम, म्हणजे संमोहनाचं जुनं रूप, त्यांनी फक्त वाचलं होतं. ४ एप्रिल १८४५ ला अंडवृद्धीच्या ऑपरेशननंतर कळवळणारा एक कैदी समोर होता. एस्डेल त्याच्या अंगावरून हात फिरवत राहिले. तो असा झोपला की टोचलं तरी हलेना.

मग रांग लागली. हत्तीरोगाने वाढलेल्या गाठी, काही तर तीस-पस्तीस किलोच्या! अशी माणसं वर्षानुवर्षं तो भार घेऊन जगायची, कारण ऑपरेशनची धास्ती. अंधाऱ्या खोलीत तासन्‌तास हात फिरवायचं काम मात्र दवाखान्यातली आपली देशी पोरं करायची. नाव साहेबाचं झालं, ही पोरं कोणाला आठवत नाहीत.

सरकारी समितीने काम तपासलं. काही पेशंटवर परिणामच झाला नाही, तरी १८४६ मध्ये कलकत्त्यात एस्डेल यांना छोटं इस्पितळ मिळालं. पण त्याच वर्षी अमेरिकेत ईथर आलं, पुढच्या वर्षी क्लोरोफॉर्म. जे काम करायला तास, कधी दिवस लागायचे ते मिनिटांवर आलं. १८५१ मध्ये एस्डेल मायदेशी परतले. अंगातून काहीतरी अदृश्य शक्ती वाहते असं ते मानत, ते चूकच होतं. मँचेस्टरच्या जेम्स ब्रेड यांनी तेव्हाच सांगितलं होतं की हा सगळा पेशंटच्या एकाग्र झालेल्या मनाचा खेळ आहे. १० जानेवारी १८५९ ला एस्डेल वारले, पन्नाशीतच.

बेल्जियममधल्या लिएजच्या इस्पितळात १९९२ पासून थायरॉइडसारखी ऑपरेशनं संमोहनाखाली होतात. यात मांत्रिकाचं काही नाही. जागेवर बधिर करायचं इंजेक्शन असतंच, थोडं गुंगीचं औषधही, आणि पेशंटशी हळू आवाजात बोलत बसलेला माणूस भूलतज्ज्ञच असतो. गरज पडली तर पूर्ण भूल देता यावी म्हणून सगळी तयारी बाजूलाच ठेवलेली असते.