सायकलच्या दुकानाने तगवलेला नांगर

बेळगाव : किर्लोस्करांचा कारखाना म्हटलं की किर्लोस्करवाडी आठवते. पण त्याची सुरुवात आपल्या बेळगावातली. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत असताना ते सायकली घेऊन बेळगावला पाठवत आणि थोरले बंधू रामुअण्णा त्या विकत. बढतीत डावललं गेल्यावर लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं.

दुकानाच्या मिळकतीवर त्यांनी आधी कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज होता. पहिले नांगर सुमारे दोन वर्षं पडून राहिले. नुसत्या नांगरावर पोट असतं तर धंदा तिथंच बसला असता. सायकलींचा गल्ला होता, म्हणून वाट बघता आली.

१९१० मध्ये नगरपालिकेने जागा सोडायला सांगितली. तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळचं माळरान दिलं, कर्जही दिलं. तिथंच किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, तर भट्टीत लाकूड जाळून काम चालू ठेवलं. १९५६ साली लक्ष्मणराव गेले.

अडचणीत युक्ती सुचते, हे खरंच. पण ती बाजारात रुजेपर्यंत गाठीला थोडं लागतं. उद्यमबागेत एका ऑर्डरीवरून दुसऱ्या ऑर्डरीवर दिवस काढणाऱ्या छोट्या कारखानदाराला हे वेगळं सांगायला नको.