जॉन लोगी बेअर्ड : टीव्हीचा जनक आणि त्यांच्या ३० रेषा



सामान्यज्ञानाच्या वहीत आपण मुलांना एक ओळ हमखास लिहून देतो : टीव्हीचा शोध – जॉन लोगी बेअर्ड. मीही पाचवीच्या वर्गाला ती लिहून दिली. तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, की आपल्या घरातला टीव्ही बेअर्ड यांनी बनवला होता तसाच आहे का? मला उत्तर येत नव्हतं. उद्या सांगते असं म्हणून वेळ मारून नेली आणि घरी येऊन वाचायला बसले. जे समजलं ते आज तुमच्यासमोर मांडते आहे. वर्गात नक्की उपयोगी पडेल.

आधी एक गोष्ट डोळ्यासमोर आणा, आपला फळा. फळ्याची लांबी-रुंदी ठरलेली असते. बारीक अक्षरात लिहिलं तर सगळा धडा मावतो, पण शेवटच्या बाकाला दिसत नाही. मोठ्या अक्षरात लिहिलं तर सगळ्यांना दिसतं, पण चारच ओळी बसतात. दोन्ही एकदम जमत नाही. टीव्हीच्या प्रक्षेपणाचंही अगदी असंच असतं. हवेतून चित्र पाठवायला लहरींचा जो पट्टा मिळतो, तो फळ्यासारखाच मोजका. चित्र किती स्पष्ट हवं, ते किती लांब पोहोचावं, वाहिन्या किती दाखवायच्या, हे सगळं त्यातच बसवायचं. एक वाढवलं की दुसरं कमी होतं. बेअर्ड यांचं आयुष्य म्हणजे याच हिशोबाची गोष्ट आहे.

बालपण व शिक्षण

जॉनचा जन्म १३ ऑगस्ट १८८८ रोजी स्कॉटलंडमधल्या हेलेन्सबर्ग या समुद्रकाठच्या गावी झाला. वडील चर्चमध्ये धर्मगुरू होते. चार भावंडांत जॉन सर्वांत लहान आणि लहानपणापासून आजारी. पण हात स्वस्थ नसायचे. शाळेत असतानाच त्याने तारा ओढून आपलं घर मित्रांच्या घरांशी टेलिफोनने जोडलं होतं.

पुढे ग्लासगोच्या तंत्रमहाविद्यालयात आणि मग ग्लासगो विद्यापीठात शिक्षण सुरू झालं. तेवढ्यात पहिलं महायुद्ध आलं आणि पदवी राहिली ती राहिलीच. प्रकृतीमुळे सैन्यातही घेतलं नाही. एका वीज कंपनीत नोकरी धरली, पण तिथेही मन रमेना. मग सुरू झाले धंदे. पाय उबदार ठेवणारे मोजे विकले. वेस्ट इंडिजमधल्या त्रिनिदाद बेटावर जाऊन मुरांबे बनवले, तो धंदा बुडाला. लंडनला परत येऊन साबण विकला. मध्ये मध्ये आजारपण होतंच. वयाच्या पस्तिशीत या माणसाच्या हाती ना पदवी होती, ना नोकरी, ना धड तब्येत.

हेस्टिंग्जची खोली

१९२३ मध्ये हवापालटासाठी बेअर्ड इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या हेस्टिंग्ज गावी गेले. तिथे त्यांनी दुरून चित्र पाठवण्याचा ध्यास घेतला. ही कल्पना काही त्यांची एकट्याची नव्हती. जर्मनीच्या पॉल निपको यांनी १८८४ मध्येच एका तबकडीची रीत सांगितली होती. तबकडीवर गोगलगाईच्या शंखासारखी फिरत जाणारी भोकं पाडायची. तबकडी गरगर फिरली की एकेक भोक चित्राची एकेक रेघ पुसत जातं. प्रत्येक ठिकाणी उजेड किती, त्यानुसार विजेचा प्रवाह कमी-जास्त होतो. दुसऱ्या टोकाला तशीच तबकडी फिरवून दिवा कमी-जास्त केला की चित्र परत उभं राहतं. निपको यांची रीत कागदावरच राहिली होती. बेअर्ड यांनी ती चालवून दाखवायची ठरवली.

पैसे नव्हते, म्हणून चहाचं खोकं, टोपीचा डबा, रफू करायच्या सुया, सायकलच्या दिव्याची भिंगं, लाख आणि डिंक यांतून यंत्र उभं राहिलं. १९२४ मध्ये एकदा विजेचा जबर झटका बसून हात भाजला आणि घरमालकाने खोली खाली करायला सांगितली. बेअर्ड लंडनला आले.

२ ऑक्टोबर १९२५ रोजी लंडनमधल्या त्यांच्या प्रयोगशाळेत एका बोलक्या बाहुल्याचा चेहरा छाया-प्रकाशासह पलीकडच्या पडद्यावर दिसला. बाहुला का, तर दिव्यांची उष्णता माणसाला सोसवत नसे. पण बेअर्डना जिवंत चेहरा हवा होता. ते धावत खाली गेले आणि इमारतीतल्या विल्यम टेंटन नावाच्या ऑफिसबॉयला वर घेऊन आले. त्या उन्हाळी दिव्यांसमोर बसायला पोरगं तयार होईना, म्हणून त्याला अर्धा क्राउन द्यावा लागला. टीव्हीवर दिसलेला पहिला माणूस कोण, असं मुलांना विचारा. मोठी माणसं सांगतील राजा किंवा मंत्री. उत्तर आहे एक ऑफिसबॉय.

२६ जानेवारी १९२६ रोजी त्यांनी हेच यंत्र लंडनच्या शास्त्रज्ञांना दाखवलं. १९२७ मध्ये टेलिफोनच्या तारेवरून लंडनचं चित्र ग्लासगोला गेलं, १९२८ मध्ये अटलांटिक ओलांडून अमेरिकेला.

३० रेषाच का?

३० सप्टेंबर १९२९ पासून बीबीसीच्या मनोऱ्यावरून बेअर्ड यांचं प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झालं. सुरुवातीला मनोरा एकच मिळे. त्यामुळे दोन मिनिटं नुसतं चित्र आणि मग दोन मिनिटं नुसता आवाज! दोन्ही एकत्र यायला १९३० उजाडलं.

चित्र होतं ३० उभ्या रेषांचं. आता आपण गणित करू या. चित्राची उंची-रुंदी ७ : ३. म्हणजे रुंदीला ३० ठिपके, तर उंचीला ७०. एका चित्रात ३० × ७० = २,१०० ठिपके. सेकंदाला साडेबारा चित्रं, म्हणजे सेकंदाला २६,२५० ठिपके. एवढंच का? कारण त्यांना मिळालेली जागा रेडिओची होती. मध्यम लहरींवर गाणी-बातम्यांसाठी आखलेला तो अरुंद पट्टा. त्यात यापेक्षा जास्त ठिपके मावतच नव्हते.

बेअर्ड यांनी काय सोडलं बघा. स्पष्टता सोडली. तळहाताहून लहान चित्र, त्यात एक चेहरा ओळखू यावा, बस्स. चित्र लखलखायचंही. पण बदल्यात काय मिळालं? मध्यम लहरी लांब जातात. लंडनहून निघालेलं ते चित्र शेकडो मैलांवरचे हौशी लोक घरी पाहू शकत होते. हाती फळा लहान आहे, तर मोठ्या अक्षरात चारच ओळी लिहू, पण शेवटच्या बाकाला दिसू दे, असा तो हिशोब होता.

अलेक्झांड्रा पॅलेसची परीक्षा

पण जगाला आता जास्त स्पष्ट चित्र हवं होतं. २ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून बीबीसीची नियमित सेवा सुरू झाली आणि दोन पद्धतींची परीक्षा लागली. एक आठवडा बेअर्ड यांची २४० रेषांची पद्धत, एक आठवडा मार्कोनी-ईएमआयची ४०५ रेषांची.

४०५ रेषांच्या चित्रात ढोबळमानाने दोन लाख ठिपके आणि सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे सेकंदाला सुमारे ५० लाख ठिपके! २६ हजार कुठे आणि ५० लाख कुठे? एवढं रेडिओच्या पट्ट्यात मावणार नव्हतं, म्हणून खूप आखूड लहरी वापरल्या. त्यांना पट्टा रुंद मिळतो, पण त्या साधारण नजरेच्या टप्प्यापर्यंतच जातात. त्यामुळे ही सेवा लंडन आणि आसपासच्या भागापुरतीच उरली. स्पष्टता आली, पल्ला गेला. पुन्हा तोच हिशोब.

ईएमआयच्या इंजिनिअरांनी आणखी एक युक्ती केली. आधी विषम रेषा पाठवायच्या, मग सम रेषा. सेकंदाला चित्रं २५ च, पण डोळ्याला ५० वेळा उजेड मिळतो, त्यामुळे लखलख कमी होते आणि पट्टा जास्त लागत नाही. त्यांचा कॅमेरा पूर्ण इलेक्ट्रॉनिक होता, हवा तिकडे फिरवता येत होता. बेअर्ड यांच्याकडे मात्र स्टुडिओतलं दृश्य आधी फिल्मवर टिपून, ती फिल्म जागच्या जागी रसायनात धुऊन, ओली असतानाच तबकडीसमोरून न्यावी लागे. यात जवळपास मिनिटभर जाई. एवढा डोलारा, की कॅमेरा जागचा हलत नसे.

त्यातच ३० नोव्हेंबर १९३६ च्या रात्री लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि तिथली बेअर्ड यांची प्रयोगशाळा बरीचशी जळून गेली. फेब्रुवारी १९३७ मध्ये निकाल लागला. बेअर्ड यांची पद्धत बंद झाली.

इथे वाईट वाटतं, पण खरं ते मुलांना सांगायला हवं. फिरत्या तबकडीने त्यांना सगळ्यांच्या आधी पोहोचवलं आणि त्याच तबकडीला ते जास्त दिवस धरून बसले. अमेरिकेत फायलो फार्न्सवर्थ यांनी १९२७ मध्येच तबकडीशिवाय इलेक्ट्रॉनिक चित्र पाठवलं होतं. ती वाट पुढे जाणारी होती.

पण बेअर्ड खचले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात टीव्हीची सेवा बंद होती, तेव्हाही ते स्वतःच्या खर्चाने रंगीत टीव्हीवर काम करत राहिले. १९४४ मध्ये त्यांनी रंगीत चित्र दाखवणारी इलेक्ट्रॉनिक नळी करून दाखवली. तिच्यात फिरती तबकडी नव्हती! उशिरा का होईना, माणूस शिकला. युद्धानंतर ७ जून १९४६ ला बीबीसीचा टीव्ही पुन्हा सुरू झाला आणि आठवड्याभराने, १४ जूनला, बेक्सहिल या गावी बेअर्ड यांचं निधन झालं. वय होतं ५७.

आजही तोच हिशोब

माझ्या लहानपणी वडील पत्र्यावर चढून अँटेना सिंहगडाच्या मनोऱ्याकडे फिरवायचे आणि आई खालून ओरडून सांगायची, मुंग्या कमी झाल्या की वाढल्या. तुमच्याही घरी हेच असेल. आता प्रक्षेपण डिजिटल झालं. दूरदर्शनने २०१६ पासून मुंबईसह काही शहरांत ते सुरू केलं. मुंग्या गेल्या, पण हिशोब गेला नाही.

डिजिटल प्रक्षेपणात इंजिनिअरला ठरवावं लागतं, की एकेका खुणेत माहिती किती कोंबायची. ६४ प्रकारच्या खुणा वापरल्या तर वाहिन्या जास्त बसतात, पण खुणा एकमेकींच्या इतक्या जवळ येतात की सिग्नल जरा कमकुवत झाला की टीव्हीला त्या ओळखू येत नाहीत. हे झालं बारीक अक्षर. १६ किंवा ४ च खुणा वापरल्या तर वाहिन्या कमी, पण लांबच्या घरातही चित्र टिकतं. हे मोठं अक्षर. शिवाय डिजिटलमध्ये मुंग्यांची पायरीच नाही. चित्र एक तर स्वच्छ दिसतं, नाही तर चौकोन चौकोन होऊन गायब.

खुद्द बेअर्ड यांच्या देशात हे घडलं. १९९८ मध्ये तिथे डिजिटल मनोरे सुरू झाले, पण अनेक घरांत चित्र अडकायचं. २००२ मध्ये फ्रीव्ह्यू ही सेवा आली तेव्हा काही पट्ट्यांवर ६४ ऐवजी १६ खुणा करण्यात आल्या. त्या प्रत्येक पट्ट्याची क्षमता सेकंदाला २४ मेगाबिटवरून १८ वर आली. चौथा हिस्सा जागा सोडली, पण चित्र जास्त घरांत टिकू लागलं. पुढे तिथे शहरापुरत्या स्थानिक वाहिन्या आल्या. कमी ताकदीच्या प्रक्षेपणावर त्या चालवायच्या होत्या, म्हणून ४ खुणांची सर्वांत दणकट पद्धत निवडली. वाहिन्या मोजक्याच बसल्या. २०१४ मध्ये अशीच एक स्थानिक वाहिनी ग्लासगोत सुरू झाली, जिथे बेअर्ड शिकले होते.

वर्गात कसं घ्याल?

चौकटीच्या कागदावर ३० × ७० चौकटी आखा. मुलांना पूर्ण चौकट काळी किंवा पांढरी ठेवून चेहरा काढायला सांगा. मग तोच चेहरा १५ × ३५ मध्ये काढू द्या. दोन्ही कागद भिंतीला लावून लांबून बघा. काय हरवलं, काय टिकलं, हे मुलं स्वतःच सांगतील. गुणाकाराचा सराव होईल तो वेगळाच.

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं. आपल्या घरातल्या टीव्हीत बेअर्ड यांच्या यंत्राचा एकही भाग नाही. पण मोजक्या जागेत काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हा जो प्रश्न त्यांनी ३० रेषांत सोडवला, तो प्रत्येक मनोऱ्यावरचा इंजिनिअर आजही सोडवतो आहे. यावर तिने लगेच विचारलं, की मग तुम्ही फळ्यावर अक्षर बारीक का काढता? त्या दिवसापासून मी मोठं अक्षर काढते आणि दोनदा फळा पुसते.

तुमच्या वर्गात हा पाठ घेतलात तर मुलांनी काय विचारलं ते नक्की कळवा.