डॅनिएल वेब्स्टरचे शिक्षण

अमेरिकेचा विख्यात वक्ता डॅनिएल वेब्स्टर याचे नाव वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांच्या कानांवरून गेले असेल. त्याची भाषणे व त्याने भूषविलेली पदे हा आमचा विषय नव्हे. तो कोणत्या घरातून शाळेत गेला व त्यापायी त्या घराने काय सोसले, एवढेच आम्ही येथे पाहणार आहोत.

त्याचा जन्म १८ जानेवारी १७८२ रोजी न्यू हॅम्पशायरमधील सॅलिसबरी येथे झाला. वडील एबेनेझर हे दोन युद्धे लढलेले शेतकरी. दोन्ही संसारांची मिळून त्यांस दहा मुले. त्यांत डॅनिएल नववा. वडिलांना शाळा अशी लाभलीच नव्हती. जे लिहिता-वाचता येई ते स्वतःच्या खटपटीने. पुढे ते परगण्याच्या न्यायालयात न्यायाधीशही झाले, तथापि विद्येची उणीव त्यांस जन्मभर टोचत राहिली. डॅनिएल प्रकृतीने नाजूक, शेतकामास फारसा निरुपयोगीच म्हणा ना. वाचनाचे मात्र त्यास वेड.

मे १७९६ मध्ये वडिलांनी या चौदा वर्षांच्या मुलास फिलिप्स एक्झिटर ॲकॅडमीत घातले. बेंजामिन ॲबट हे तेथील मुख्याध्यापक. सोबती त्याच्या गावठी पोशाखास हसत. पण खरी अडचण निराळीच होती. पाठ केलेले उतारे तेथे सर्वांसमोर म्हणून दाखवावे लागत. डॅनिएल आपल्या खोलीत ते पुनःपुन्हा घोकी. परंतु नाव पुकारले जाऊन सर्वांचे डोळे त्याजकडे वळले, की त्यास जागेवरून उठवतच नसे. गुरुजींनी समजाविले, विनविले, सारे व्यर्थ. मग तो खोलीत जाऊन रडे. पुढे ज्याच्या वाणीने सिनेट सभा तटस्थ होई, तोच हा मुलगा! सुमारे नऊ महिन्यांनी त्याने ती शाळा सोडली, तरी ही भीती काही गेली नव्हती.

नंतर बॉस्कावेनचे पाळक सॅम्युएल वुड यांजकडे त्यास ठेवण्यात आले. आठवड्यास एक डॉलर घेऊन ते त्यास जेवू घालीत व शिकवीत. तिकडे जाताना, बर्फावरून घसरत चाललेल्या गाडीत, वडिलांनी त्यास कॉलेजात पाठविण्याचा आपला बेत सांगितला. घरची स्थिती मुलास ठाऊक होती. वडिलांच्या खांद्यावर डोके टेकून तो रडला. १७९७ साली तो डार्टमथ कॉलेजात दाखल झाला.

थोरला भाऊ इझिकिएल मात्र शेतावरच राहिला. आमचे मन विशेष गुंतते ते येथे. सुटीत घरी आलेल्या डॅनिएलने त्याजशी रात्रभर बोलणे केले, आणि त्यासही शिकवावे म्हणून वडिलांस गळ घातली. वडील थकलेले, दोघांस शिकवावे तर होते नव्हते ते खर्ची पडणार, आणि बायको व मुली उघड्या पडणार. त्यांनी निर्णय पत्नी ॲबिगेल यांजवर सोपविला. त्या माउलीने दोन्ही मुलांवर भरवसा टाकला.

१८०२ साली डॅनिएल हल्लीच्या मेन राज्यातील फ्रायबर्ग ॲकॅडमीत, वर्षास ३५० डॉलर या दराने, शिक्षक झाला. रात्री दस्तऐवजांच्या नकला करून तो पोटापुरते मिळवी, म्हणजे पगार भावाच्या शिक्षणास उरे. १८०४ साली इझिकिएल पदवीधर झाला व बोस्टनमध्ये शाळा चालवू लागला. आता मदतीची पाळी त्याची होती. डॅनिएलने त्याच शहरी राहून वकिलीचा अभ्यास पुरा केला.

डॅनिएल पुढे परराष्ट्रमंत्री झाला. पळालेल्या गुलामांस धरून परत देण्याचा १८५० चा कायदा त्याने उचलून धरला, हा त्याच्या कीर्तीवरील डाग आम्ही झाकू इच्छीत नाही. २४ ऑक्टोबर १८५२ रोजी तो वारला. इझिकिएल कधीच गेला होता. तोही नामांकित वकील झाला होता, आणि १० एप्रिल १८२९ रोजी कॉन्कॉर्डच्या न्यायालयात उभा राहून बोलत असता एकाएकी कोसळला, तो पुन्हा उठला नाही.