सरफोजीराजांचे इंग्रजी

तंजावरच्या भोसले घराण्यातील दुसरे सरफोजीराजे १७७७ साली जन्मले. निपुत्रिक तुळजाजीराजांनी त्यांना १७८७ मध्ये दत्तक घेतले, आणि मृत्युसमयी जर्मन मिशनरी श्वार्ट्स याच्या हाती सोपविले. तथापि गादी मिळाली ती तुळजाजींचे बंधू अमरसिंग यांना. दत्तविधानच अशास्त्र ठरविले गेले, मुलाला नजरकैदेत ठेवण्यात आले व त्याच्या शिक्षणाची आबाळ झाली. श्वार्ट्सने कंपनी सरकारकडे पाठपुरावा केला. अखेर राजपुत्राला मद्रासेस हलविण्यात आले. तेथे गेरिके नावाच्या दुसऱ्या जर्मन मिशनऱ्याने त्याच्या अध्ययनाकडे लक्ष पुरविले. इंग्रजी शिकविणारे हे दोन्ही गुरू जन्माने इंग्रज नव्हते, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्यांनाही ती भाषा नियमांच्या वाटेनेच साध्य झाली असली पाहिजे.

मराठीभाषकाला इंग्रजीची ही वाट वरवर सोपी, परंतु फसवी वाटते. राजाने ग्रंथ वाचला, राजाने पोथी वाचली, राजाने पुस्तक वाचले : येथे मराठी क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या लिंगवचनामागे जाते. इंग्रजीत ते सदैव कर्त्याचेच ऐकते, मात्र रूप फारसे पालटीत नाही. आणि म्हणूनच तृतीय पुरुषी एकवचनाचा तो एकुलता एक प्रत्यय विसरला जातो. सर्वनामांची अडचण निराळी. वडीलधाऱ्यांना बहुवचनाने संबोधण्याची आणि क्रियापदही त्याच वचनात ठेवण्याची आपली रीत. इंग्रजीत थोरामोठ्यांस व सेवकास एकच सर्वनाम. एकवचनी जुने सर्वनाम तोवर बहुतांशी प्रार्थनेपुरते आणि काव्यापुरतेच उरले होते.

१७९८ च्या फेब्रुवारीत श्वार्ट्सचे निधन झाले. त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले आणि पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे गेला. राजांकडे उरला तो किल्ला, तनखा आणि मान. या सुमाराचे सरफोजींचे एक इंग्रजी पद्य गुरूच्या समाधिशिळेवर कोरलेले आहे. त्यात दिवंगताला त्या जुन्या एकवचनी सर्वनामानेच हाक मारली आहे, आणि क्रियापदाचे रूपही त्याला साजेसे, बिनचूक आहे. इंग्रजी मृत्युलेखांचा तो संकेतच होता, हे खरे. परंतु आईला आणि देवाला एकवचनाने संबोधणाऱ्या मराठी मनाला तो परका वाटला नसावा. शेवटाकडे कवी प्रथम पुरुषात बोलू लागतो, गुरूला पिता म्हणतो, आणि अखेरच्या ओळीत एकाएकी स्वतःचे नाव कर्त्याच्या जागी ठेवून क्रियापद तृतीय पुरुषात नेतो. व्याकरणाला यात काहीच खटकत नाही. पत्राखाली सही करावी तसे ते वाटते, हेही मान्य. तरीही नामदेव-तुकारामांच्या नाममुद्रेचा संस्कार ज्याच्यावर आहे त्याला ही ओळ ओळखीची वाटल्यावाचून राहत नाही. शिष्याने पित्याचा धर्म मात्र स्वीकारला नाही; ते अखेरपर्यंत शिवभक्त हिंदूच राहिले.

१८२६ मध्ये बिशप हेबर तंजावरास आला, तेव्हा लाव्हाझिए, लिनिअस, ब्युफाँ यांची नावे राजांच्या मुखी सहज येतात हे पाहून तो चकित झाला. रूसोच्या नावावर चालणाऱ्या एका इंग्रजी मृत्युलेखापेक्षा राजांचे इंग्रजी पद्य त्याने सरस ठरविले. शेक्सपिअरविषयीही राजांची स्वतंत्र मते होती.

या विद्येचा ओघ मराठीकडेही वळला. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये भोसले वंशाचा इतिहास कोरविला गेला तो मराठीत. १८०५ मध्ये वाड्यात देवनागरी खिळ्यांचा नवविद्याकलानिधि छापखाना निघाला आणि इसापाच्या कथा सख्खन पंडितांच्या मराठीत बालबोध मुक्तावली या नावाने छापल्या गेल्या. अशा भाषांतरात प्रत्येक प्राण्याला मराठी लिंग द्यावेच लागते : कोल्हा तो, मुंगी ती, वासरू ते, आणि मग क्रियापदे आपोआप रांगेत येतात. सरस्वती महालात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी पोथ्यांशेजारी सरफोजींच्या इंग्रजी सहीची युरोपीय पुस्तके आहेत. राजे १८३२ च्या मार्चमध्ये निवर्तले.