मुरबाडचे नाना शंकरशेट

मुंबईस टाउन हॉलांत जाणारास तेथें जगन्नाथ शंकरशेट यांचा संगमरवरी पुतळा दिसतो, व ग्रांट रोडजवळून जाणारास नाना चौक लागतो. परंतु हे थोर पुरुष जन्मानें आपल्या मुरबाडचे, हें आपल्या शाळेंतील किती मुलांस ठाऊक असेल याची आम्हांस शंका आहे. म्हणून हा अल्प परिचय.

ता. 10 फेब्रुवारी 1803 रोजीं मुरबाड येथें नानांचा जन्म झाला. घराणें दैवज्ञ सोनारांचें, आडनांव मुरकुटे. वडिलांचा मुंबईंत मोठा व्यापार होता. इ. स. 1822 मध्यें ते वारले व एकोणीस वर्षांच्या तरुणावर पेढीचा सर्व भार पडला. पेढी त्यांनीं उत्तम सांभाळली. पण तेवढ्यासाठीं आज कोणी त्यांचें चरित्र लिहावयास बसलें नसतें.

त्या काळचा राज्यकारभार कसा चाले, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. कंपनी सरकारचे अधिकारी कर बसवीत, कायदे करीत, रस्ता कोठून काढावयाचा तें ठरवीत. ज्याच्या शेतांतून रस्ता जावयाचा व ज्याच्या पदरचा कर यावयाचा, त्यास विचारण्याची वहिवाट नव्हती. ती पडावी म्हणून नाना जन्मभर झटले, असें त्यांच्या कार्याकडे पाहतां आम्हांस वाटतें. सोनापूरची स्मशानभूमि गांवाबाहेर शिवडीस नेण्याचें सरकारच्या मनांत आलें, तेव्हां गोरगरिबांनीं प्रेत घेऊन इतक्या दूर कसें जावें, हें अधिकाऱ्यांपुढें मांडून त्यांनीं ती हालूं दिली नाहीं.

इ. स. 1840 मध्यें मुंबईंत बोर्ड ऑफ एज्युकेशन स्थापन झालें. त्याच्या सात सभासदांपैकीं तिघे एतद्देशीय होते व त्यांत नाना होते. पुढें अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांनीं उच्च शिक्षण इंग्रजींतूनच द्यावें असा आग्रह धरला. नाना इंग्रजीचे शत्रु नव्हते. एल्फिन्स्टन कॉलेजाच्या उभारणींत त्यांचा हात होता. तरी ज्ञान सामान्य रयतेपर्यंत पोंचावयाचें तर तें मराठी-गुजरातीसारख्या देशभाषांतूनच पोंचेल, हें आपलें मत त्यांनीं अध्यक्षांच्या तोंडावर सोडलें नाहीं. हा वाद शिक्षणाचा खरा, पण आमच्या मतें त्याचा संबंध कारभाराशींही आहे. ज्यास सरकारी कागद वाचतां येत नाहीं, त्याची संमति घेतली काय आणि न घेतली काय, सारखेंच. मुलींचें शिक्षणही त्यांनीं आपलें मानिलें. स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीनें काढिलेल्या मुलींच्या शाळेस त्यांनीं गिरगांवांतील आपल्या वाड्यांत जागा दिली. लोक काय म्हणतील, याची पर्वा त्यांनीं केली नाहीं.

आतां त्यांच्या सर्वांत धाडसी कामाकडे वळूं. कंपनीच्या सनदेचें नूतनीकरण 1853 मध्यें व्हावयाचें होतें. तत्पूर्वीं, ता. 26 ऑगस्ट 1852 रोजीं, नाना, डॉ. भाऊ दाजी, दादाभाई नवरोजी, नवरोजी फर्दुनजी प्रभृतींनीं मिळून बॉम्बे असोसिएशन स्थापिली व थेट पार्लमेंटाकडे अर्ज धाडला. कायदे करणाऱ्या मंडळांत या देशचे लोक असावेत, मोठ्या हुद्द्यांवर त्यांस घ्यावें, रस्ते, पूल व शाळा यांवर अधिक खर्च करावा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. सरकारशीं व्यापाराचे संबंध असलेल्या धनिकानें असा अर्ज करणें जोखमीचें होतें. कांहीं श्रीमंत सभासद लवकरच दूर झाले. नाना राहिले. 1857 सालीं त्यांच्यावर बंडवाल्यांशीं संधान असल्याचा संशयही घेण्यांत आला. त्यांतून कांहीं निष्पन्न झालें नाहीं. पार्लमेंटानें 1861 मध्यें कायदा केला, आणि 1862 मध्यें मुंबईच्या कायदे-मंडळांत नानांची नेमणूक झाली. अर्जापासून खुर्चीपर्यंत दहा वर्षें लागलीं.

येथें एक गोष्ट लपवूं नये. ही खुर्ची लोकांनीं निवडून दिलेली नव्हती, गव्हर्नरांनीं दिलेली होती. मुरबाडच्या डोंगरांतील ठाकूर वा कातकरी यांस विचारण्याची कल्पना त्या मंडळांत कोणाच्या स्वप्नींही नव्हती. तो अधिकार येण्यास शंभरांहून अधिक वर्षें जावीं लागलीं. शेजारच्या शहापूर तालुक्यासारख्या अनुसूचित क्षेत्रांत जमीन संपादन करण्यापूर्वीं ग्रामसभेशीं वा पंचायतीशीं विचारविनिमय झाला पाहिजे, असें 1996 च्या पेसा कायद्यानें ठरविलें आहे. त्या सभेंत कोण हजर राहतो व कोण घरीं बसतो, हें आमच्या वाचकांतील पालकांस आमच्याहून अधिक ठाऊक आहे.

आगगाडीचें श्रेयही नानांस आहे. 1845 च्या सुमारास सर जमशेटजी जिजीभाई यांच्यासह त्यांनीं या योजनेस पाठबळ दिलें. पुढें ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या कारभारांतही दोघांस स्थान मिळालें. ता. 16 एप्रिल 1853 रोजीं बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी धांवली. 1854 मध्यें ती कल्याणास आली, पुढल्या वर्षीं वाशिंदास, आणि मग आसनगांव, कसारा करीत 1865 च्या आरंभीं थळघाट चढून इगतपुरीस गेली. त्याच वर्षीं ता. 31 जुलै रोजीं नाना निवर्तले. कल्याणाहून निघालेले रूळ शहापूर तालुक्यांतून उत्तरेस वळले होते. नानांचें मुरबाड त्या वाटेवर आलें नाहीं.