फादर थॉमस स्टीफन्स यांचे चरित्र

गोदातीरीचे गंगाखेड हे जनाबाईचे जन्मगाव आपल्या परभणी जिल्ह्यात सर्वांस ठाऊक आहे. जात्यावर बसणाऱ्या आपल्या आयाबहिणींस ओवी कोणी शिकवावी लागत नाही. त्याच ओवीछंदात चारशे वर्षांपूर्वी एका इंग्रज रोमन कॅथलिक पाद्र्याने प्रभू येशूचे चरित्र गाइले, हे मात्र आपल्या मंडळ्यांतील थोड्यांसच ठाऊक असेल.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म सन १५४९ च्या सुमारास इंग्लंडातील विल्टशायर परगण्यात झाला. राणी एलिझाबेथच्या राज्यात प्रॉटेस्टंट मत हेच राजमत होते. रोमन पद्धतीचा मिस्सा करणे वा ऐकणे हा गुन्हा होता. तेथे कॅथलिक म्हणून राहणे म्हणजे दंड, तुरुंग आणि कित्येकांस फाशी. स्टीफन्स आपला मित्र थॉमस पौंड याचा चाकर असल्याचा वेष घेऊन त्याजबरोबर फिरत असत. दोघांनी रोमला जाण्याचा बेत केला. परंतु पौंड पकडला गेला व पुष्कळ वर्षे बंदीत राहिला. स्टीफन्स एकटेच गेले आणि सन १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाले. ता. ४ एप्रिल १५७९ रोजी त्यांनी लिस्बन सोडले व २४ ऑक्टोबरास ते गोव्यास पोहोचले. त्यानंतर वडिलांशी संबंध राहिला तो पत्रानेच. मायदेश त्यांस पुन्हा दिसला नाही.

गोव्यात चित्र अगदी उलटे होते. येथे राजसत्ता कॅथलिकांच्या हाती होती. स्टीफन्स यांस नेमून दिलेल्या साष्टी प्रांतात पोर्तुगीजांनी देवळे पाडली होती व लोकांचे जुने ग्रंथ बंद केले होते. सन १५८३ च्या जुलैत कुंकळ्ळीच्या संतप्त ग्रामस्थांनी येशूसंघाच्या पाच जणांस ठार केले. पुढे पोर्तुगीजांनी गावच्या पुढाऱ्यांस बोलावून घेऊन मारिले. स्वदेशी ज्यांच्या धर्मास सत्तेने छळिले, त्यांनी येथे सत्तेच्या छायेत धर्म शिकवावा, हा केवढा कठीण प्रसंग! त्याच वर्षी राल्फ फिच वगैरे इंग्रज व्यापारी गोव्याच्या तुरुंगात पडले, तेव्हा त्यांस जामीन मिळावा म्हणून स्टीफन्स यांनी खटपट केली, ही गोष्ट त्यांच्या स्वभावाची साक्ष देते.

चाळीस वर्षे ते या देशात राहिले. त्यांनी येथील भाषा शिकून तिचे व्याकरण रचिले. सन १६१६ मध्ये रायतूर येथे त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रोमन अक्षरांत छापून निघाले. सुमारे ११,००० ओव्यांचा हा ग्रंथ मराठीत असून त्यात कोंकणी शब्द मिसळले आहेत. ग्रंथारंभी एक नवा ख्रिस्ती पाद्र्यास विचारतो की, आमची पुराणे तर तुम्ही बंद केली, मग त्यांच्या जागी आम्ही वाचावे काय? त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून हे पुराण आले. सन १६१९ मध्ये स्टीफन्स गोव्यातच प्रभूमध्ये निजले. परंतु त्यांचे पुराण १६४९ व १६५४ मध्ये पुन्हा छापले गेले आणि कॅथलिक घरांत पिढ्यानुपिढ्या गाइले गेले.

रोमन मंडळीची सर्व मते आम्हांस मान्य नाहीत, हे वाचक जाणतातच. तरी या चरित्रावरून एक गोष्ट आम्हांस स्पष्ट दिसते. स्टीफन्स यांनी आपला पंथ घर आणि देश देऊन धरिला. साष्टीच्या कित्येकांवर तोच पंथ भयाने वा लाभाने आला. नाव दोघांचेही कॅथलिकच, परंतु त्या दोन होण्यांत केवढे अंतर! पाडलेल्या देवळांनी कोणाचे अंतःकरण पालटत नाही, हे स्टीफन्स यांनी ओळखिले असावे, असे आम्हांस वाटते; म्हणूनच त्यांनी तो विश्वास लोकांच्या ओठी बसेल अशा शब्दांत ओविला.

आपणही परक्यांकडे बोट दाखवून थांबू नये. दुष्काळातील धान्यासाठी, शाळेसाठी वा नोकरीसाठी आपल्या मंडळीत आलेली कुटुंबे नाहीत काय? त्यांस आम्ही दोष देत नाही. देव कोणत्याही वाटेने बोलावितो. परंतु आजोबांनी ज्या कारणासाठी बाप्तिस्मा घेतला, ते कारण नातवास पुरत नाही. त्याने तो विश्वास स्वतः पत्करून आपल्या जिभेवर आणिला पाहिजे. तुमच्या घरी पहाटे कोणती ओवी गाइली जाते, हे प्रत्येकाने आपल्याशी विचारून पाहावे.